तोंडात तुळस

वालावल, ता. कुडाळ
२० नोव्हेंबर १९५९

भाई,

वडील भावाला पत्राच्या आरंभी साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण आज हात वळत नाही. नमस्कार वहिनीला सांग. तुला नुसतं पत्र.

काल गणपत पोस्टमनने किरण छायाचित्र मंडळाचं पाकीट आणून दिलं. आत माझा फोटो, पाठवला होता तसाच, फक्त कोपऱ्यावर चहाचा एक डाग नवीन. सोबत चिठी: 'आपले "निजलेली माशी" हे छायाचित्र जिवंत निसर्ग या विभागात स्वीकारता येत नाही. सदर कीटक मृत असून तो तुळशीच्या मंजिरीस चिकटविला आहे, असे मंडळाचे ज्येष्ठ परीक्षक श्री. नेरूरकर यांचे मत पडले.'

श्री. नेरूरकर! आधी वाटलं, कुणी पाठवलाय ते तुला कळलंच नसेल. मग आठवलं की फोटोच्या मागे मी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, नर्मदा गंगाराम नेरूरकर, मु. वालावल. म्हणजे नाव वाचलंस आणि मगच मत दिलंस. खारेपाटणला सासरच्या घरात सवत आली तेव्हा तिथलं आडनाव तिथेच उंबऱ्याआत ठेवून मी निघून आले, त्याला दहा वर्षं झाली. ते तुला अजून सलतं, हे मला ठाऊक आहे. पण म्हणून तो राग एका माशीवर काढावास?

आता नीट ऐक. माशी मेलेली नव्हती. ती झोपली होती.

पाऊस सरला की आपल्या अंगणातल्या तुळशीवर तिन्हीसांजेला या माश्या येतात. पोळ्यातल्या नव्हेत, एकेकट्या फिरणाऱ्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या. वाळत आलेल्या मंजिरीची काडी जबड्यात घट्ट धरतात, पाय पोटाशी घेतात आणि उजाडेपर्यंत तशाच आडव्या लटकून झोपतात. आपण सात जन्म तुळशीला पाणी घातलं, पण बघितलं कुणी? मला दाखवलं ते शेजारच्या काशीबाईने. तीच काशीबाई, जिने तुला लहानपणी दगडी गडग्याच्या फटीतून कान धरून ओढून काढला होता. तिचं म्हणणं असं की हे सगळे नवरे आहेत. 'बायलो मातयेच्या भितीत बिळां करून आत निजतत आणि घोवांक भायर ठेयतत. माश्यांका अक्कल आसा गो नर्मदे, ती आपणांक नाय.' असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पहाटे दंव पडलेलं असतं. गारठ्याने माशीला हलता येत नाही. ऊन अंगावर येईपर्यंत तेवढी घटकाभर वेळ माझी. दिवसा मी वांग्याच्या फुलांवर, अबोलीवर काय कमी प्रयत्न केले? फोटोच्या काचेवर नुसता डाग उमटतो. ही फुलावर थांबते तरी कुठे!

आणि भिंगाचं म्हणशील, तर त्याबद्दल तुझे आभारच मानायला हवेत. आबा गेल्यावर तू त्यांची तिन्ही चांगली भिंगं घेऊन गेलास आणि लाकडी भात्याचा कॅमेरा 'जळणाक घाल' म्हणून मला सोडलास. माझ्याकडे उरलं ते एका मोडक्या घडीच्या कॅमेऱ्याचं सुपारीएवढं भिंग. ते मी पुठ्ठ्यात बसवून त्या लांबलचक भात्यावर चढवलं, भाता होता नव्हता तेवढा ओढला, डोक्यावर काळं फडकं घेतलं, आणि दुधी काचेवर माशी करवंदाएवढी दिसली. उलटी, पण करवंदाएवढी. तिच्या पायांवरचे केस मोजता येत होते. तू एक जरी भिंग सोडून गेला असतास तर मला हे कधी सुचलं नसतं.

तुला काय दिसलं ते मी सांगते. तू आबांचा मुलगा. गावोगाव मयताचे फोटो काढून आबांनी आपल्याला वाढवलं. मयताला आंघोळ घालून, खुर्चीत बसवून, मागे काळ्या पडद्याआड लपून तू त्याचं डोकं धरायचास, आणि छापलेल्या फोटोवर खारीच्या केसांच्या कुंचल्याने त्याचे डोळे मी उघडायची. मी अकरा वर्षांची आणि तू चौदाचा. सोबतचे नातेवाईक हलायचे, पुसट यायचे. मयत तेवढा सुरीने कापल्यासारखा रेखीव. आणि दर वेळी त्याच्या तोंडात तुळशीचं पान. तेव्हा एवढी रेखीव माशी, निश्चल, आणि तोंडात तुळस, हे बघून तू कसलाही विचार न करता म्हणालास, मयत. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.

चूक होते माणसाकडून. ती दुरुस्त कर. मंडळाला एवढंच लिही की माशी जिवंत होती. प्रदर्शन वीस जानेवारीला आहे, तोवर वेळ आहे. मला बक्षीस नको. पण खोटारडी हा शिक्का मी कपाळावर घेऊन बसणार नाही.

नर्मदा

•

वालावल
८ डिसेंबर १९५९

भाई,

तुझं पत्र पोचलं. चार पानं! आबांच्या शेवटच्या सहा वर्षांत त्यांना तू सगळी मिळून चार पानं लिहिली नसतील.

लिहितोस की लोक हसले असते, मी तुझी बदनामी टाळली. माझी की तुझी? परीक्षकाची बहीण वालावलात बसून तुळशीपुढे ओणवी होऊन माश्यांचे फोटो काढते, हे तुझ्या गिरगावातल्या मित्रांना कळलं तर काय, ही तुझी खरी भीती. तसं सरळ लिही ना.

लिहितोस की कुठलाही जिवंत कीटक नऊ सेकंद स्थिर राहत नाही, मुंबईत कुणालाही विचार. मुंबईत कशाला विचारू? तिथे तुळस कुंडीत असते आणि लोक आठ वाजता उठतात.

लिहितोस की फोटोत माशीचं डोकं रेखीव आणि पोटाचं टोक धूसर आहे, म्हणजे फोकससुद्धा धड साधलेला नाही. भाई, भिंग लाव आणि परत बघ. तिच्या पोटाच्या मागची तीच काडी, तेवढ्याच अंतरावरची, लख्ख आलीय. मग पोटच धूसर का? ती झोपेत पोट आतबाहेर करते, आपली छाती होते तसं. मी काळ्या फडक्याखालून रोज बघते. तुला फोकस चुकलेला दिसला, कारण तुझ्या हाताखालून गेलेली माणसं श्वास घेणारी नव्हती.

डिंकाचं म्हणतोस, 'गेल्या वर्षी आबांच्या वर्षश्राद्धाला आलो तेव्हा तुझ्या पेटीत डिंकाने चिकटवलेल्या माशीची काच मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.' त्याविषयी नंतर बोलू.

आता कॅमेऱ्याचं. तो वडिलोपार्जित आहे म्हणून तुझा, आणि संक्रांतीनंतर मालवणहून शिवा तांडेलाला पाठवून तू तो नेणार, असं लिहिलंस. ज्याला जळणात घालायला सांगितलं होतंस त्याची आज एवढी आठवण झाली? शिवाला पाठव. चहा देईन त्याला. कॅमेरा देणार नाही. या घरात तो एकच कॅमेरा आहे आणि तो चालवणारी मी एकटीच आहे. तू तो माळ्यावर टाकशील आणि मी पुन्हा परसातल्या पाटाचं पाणी वळवत बसेन, असं तुझ्या मनात असेल, तर ते मनातच ठेव.

तुला पुरावा हवाय ना? देते. माझ्याकडे तीन काचा उरल्यात. परदेशी माल येणं कमी झालंय, कुडाळचा दुकानदार म्हणतो, संक्रांतीच्या आधी नव्या मिळायच्या नाहीत. त्यातली एक काशीबाईला कबूल केलीय. ती मागे लागलीय, 'माझो फोटो जितेपणी काड गो बाय. मेल्यावर खुर्चेर बसवन डोळे रंगव नको.' तेव्हा खऱ्या अर्थी माझ्या दोनच. दोनात होतंय का बघते.

वहिनीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, अडुळशाचा पाला पाठवते.

नर्मदा

•

वालावल
१९ डिसेंबर १९५९

भाई,

सोबत तीन फोटो आहेत. मागे एक, दोन, तीन असे आकडे घातलेत. त्याच क्रमाने बघ. पत्र आधी वाच, म्हणजे कळेल.

पहिले चार दिवस काही झालंच नाही. एकदा वारा होता, एकदा माशीच आली नाही, एकदा धुकं इतकं की तुळशीवृंदावनच दिसेना, आणि एकदा मीच शिंकले. मंगळवारी संध्याकाळी एकजण आला आणि नेमका पुढच्या बाजूच्या मंजिरीवर निजला. त्या मंजिरीच्या टोकाला अजून दोन जांभळी फुलं शिल्लक होती. मी कॅमेरा तेव्हाच लावून ठेवला, तिवईचे पाय सारवणात रुतवले आणि वर घोंगडी टाकली.

पहाटे उठून बघते तर वारा. मंजिरी डुलतेय. काशीबाई शेकोटीपाशी बसली होती, ती उठली, आत गेली आणि तुळशीच्या लग्नातला अंतरपाट घेऊन आली. एक टोक जास्वंदीला बांधलं, दुसरं हातात धरून वाऱ्याला आडवी उभी राहिली. मला म्हणते कशी, 'आता मंगलाष्टकां म्हणतंय काय?' मी म्हटलं, बोलू नकोस, हात हलतो. सत्तरी ओलांडलेली बाई, पण जागची हलली नाही.

पहिली काच. भिंगाची टोपी काढली आणि आबा मोजायचे तसं मोजलं, सेकंदाला एक, एक नारळ, दोन नारळ, असे नऊ नारळ. टोपी लावली. माशी गाढ. मिशांवर दवाचे थेंब, जबड्यात काडी.

मग ऊन आलं. आधी चौथऱ्यावर, मग मंजिरीवर. पोटाची आतबाहेर वाढली. एक पाय सुटला, मग दुसरा. मिशा पुसायला लागली, बाबू न्हावी वस्तरा पुसतो तशी, सावकाश. पंख थरथरायला लागले आणि मी दुसरी काच घातली. उजेड आता भरपूर होता, दोन नारळातच काम झालं. पंखांच्या जागी नुसता धूर आहे बघ, आणि दोन्ही पाय सुटलेत. जबडा मात्र काडीवरच.

खरं तर मी इथे थांबायला हवं होतं. तिसरी काच काशीबाईची होती. पण मला वाटलं, भाई म्हणेल, पंख हिने दोऱ्याने हलवले. तो असं म्हणेलच. मी काशीबाईकडे बघितलं. माझ्या मनातलं तिला कसं कळलं कोण जाणे. 'घाल ती काच,' म्हणाली, 'मी काय आजच मरतंय?'

मी काच घातली, झाकण ओढलं, हात टोपीवर नेला, आणि माशी उडाली. टोपी काढायच्या आधी. डोळ्यांदेखत. अबोलीवर एक घिरटी घातली आणि गेली. भाता तसाच, मंजिरी तशीच, दोन फुलं तशीच, आणि माशी नाही. काशीबाई म्हणाली, 'गेली मां काच फुकट!' मी म्हटलं, नाही. आणि टोपी काढून एक नारळ मोजला.

तो तिसरा फोटो. कॅमेरा बोटभरही हललेला नाही, तिन्ही फोटो एकावर एक ठेवून उजेडाला धर. फुलं फुलांवर बसतील.

आता डिंकाचं बोलते. नंतर बोलू म्हटलं तेव्हा बोलायचं मनात नव्हतं. पण तुला खोटारडा म्हणायचं आणि स्वतः लपवून ठेवायचं, हे मला जमत नाहीय. तू बघितलीस ती काच खरी होती. गेल्या वर्षी काशीबाईने अजून मला झोपलेल्या माश्या दाखवल्या नव्हत्या. दिवसा फोटो जमेना, म्हणून मी पडवीत मरून पडलेली एक माशी उचलली, बाभळीच्या डिंकाने अबोलीच्या फुलावर बसवली आणि फोटो काढला. सुंदर आला. पण डोळे मेलेले होते. मेल्यावर माशीच्या डोळ्यांची चकाकी जाते, हे तोवर मला माहीत नव्हतं. तर मी काय केलं असेल? कुंचला घेतला आणि छापलेल्या फोटोवर तिच्या डोळ्यात पांढरा ठिपका दिला. इतक्या वर्षांची सवय. दिल्यावर बघितलं आणि मला इतकी शरम वाटली की तो फोटो चुलीत घातला. काच मात्र फेकवली नाही. ती तुझ्या हाती लागली, आणि तू हसलास, मी गप्प राहिले. तेव्हाच सांगितलं असतं तर कदाचित आज ही वेळ आली नसती. तेवढी चूक माझी. पदरात घेते.

पण एकदा केलं म्हणून नेहमी करते, असं होत नाही. या तीन फोटोंत कुंचला कुठेही लागलेला नाही. तुझं आयुष्य फोटोंवरचा रंग ओळखण्यात गेलंय, शोधून दाखव.

तुझी एक ओळ. वीस जानेवारीच्या आत.

नर्मदा

•

वालावल
१८ जानेवारी १९६०

भाई,

तुझं पत्र आणि शिवा तांडेल दोघंही एकाच दिवशी आले. आधी शिवाचं सांगते.

तो आला, ओटीवर बसला, चहा घेतला. माडाच्या काथ्याची दोरीसुद्धा घेऊन आला होता, कॅमेरा बांधायला. काशीबाई माजघराच्या दारात पाय पसरून बसली. तिला ओलांडून आत जायची छाती सबंध मालवण किनाऱ्यावर कुणाची नाही. मी ते तिन्ही फोटो ओटीच्या भिंतीवर लावलेत, ते शिवा बघत राहिला. पहिला बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, 'ह्येतलो खंय गेलो?' मी काही बोलायच्या आत काशीबाई म्हणाली, 'गेलो आसतलो कामाक. सकाळ झाली नाय?' शिवा हसला. म्हणाला, 'भाईंका सांगतंय, कॅमेरो गावलो नाय म्हणान.' उठला, दोरी खांद्यावर टाकली आणि उंबऱ्यात थांबून विचारता झाला, 'बाय, माझो काडशात काय एक? होडयेर उभो ऱ्हवान?'

काढणार आहे.

आता तुझं पत्र. तिसऱ्या फोटोबद्दल तू लिहितोस, 'यात काहीच नाही. एवढ्या टंचाईत काच वाया घालवलीस.' मी हे वाक्य काशीबाईला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही. ती म्हणाली, 'मुंबैक जावन तेची नजर गेली काय गो?'

पण तुला दिसलंय, भाई. माझी खात्री आहे. कारण पुढच्याच पानावर तू लिहितोस की मंडळाला ती ओळ लिहायला तू तयार आहेस. माशी जिवंत होती, परीक्षकाची नजरचूक झाली, एवढं सगळं लिहिशील. फक्त फोटोखाली नाव 'नेरूरकर स्टुडिओ, गिरगाव' असं घालायचं. म्हणजे घरचं नाव घरात राहील आणि बाईमाणसाच्या नावावरून चर्चा होणार नाही. वर मला समजावतोस की यात माझंच भलं आहे.

आधी मेलेली माशी माझी होती. जिवंत झाल्याबरोबर तुझी झाली!

नाही भाई. तुझी ओळ मला नको. मी मंडळाला काल स्वतः पत्र लिहिलं. प्रवेशिका मागे घेतली. सोबत तिन्ही फोटो पाठवले, आणि लिहिलं की हे प्रदर्शनासाठी नाहीत, परीक्षकांनी एकदा उन्हात धरून बघावेत म्हणून आहेत. मागे माझं नाव आहे, पूर्ण. ते लावोत नाहीतर परत चहाखाली ठेवोत. परवा प्रदर्शनात तू कोट घालून उभा राहशील तेव्हा तुला ठाऊक असेल आणि त्यांनाही. मला तेवढं पुरे.

रडले का? रडले. पत्र वाचून परसात गेले आणि चांगली रडले. तू माझा सख्खा भाऊ, कोजागिरीला मला खांद्यावर घेऊन तळ्याकाठच्या देवळापर्यंत नेणारा, आणि माझं नाव तुला एवढं जड का व्हावं, हे मला अजून कळलेलं नाही. ते एवढ्यासाठी लिहिलं की मी नुसती रागावलेली आहे असं तुला वाटू नये.

आणखी एक गोष्ट या पाकिटात आहे. पातळ कागदात गुंडाळलेली. ती आता उघड.

आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू मोटारीतून उतरलास. सहा वर्षांनी. आम्ही तोवर सगळं तुझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. तू रडशील म्हणून बायका बाजूला झाल्या, आणि तू पेटी उघडून कॅमेरा लावायला लागलास. आबांना खुर्चीत बसवलंस. मला म्हणालास, 'मागसून डोकां धर गो. हलूक दिव नको.' मी काळ्या पडद्यामागे उभी राहून माझ्या बापाचं डोकं धरलं. गार होतं. तेराव्याला तू फोटो पुढे ठेवलास आणि मी डोळे रंगवले, कारण तू सांगितलंस आणि कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते मी रंगवलेले माणसाचे शेवटचे डोळे. त्यानंतर मी मयताचं काम घेतलेलं नाही, कितीही लांबून माणूस आला तरी. तो फोटो तुझ्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे, मोठा करून, हार घालून. वहिनीने लिहिलं होतं की लोक म्हणतात, अगदी जिवंत वाटतात.

आबा जायच्या दोन महिने आधीच्या काचेवरून छापलेला हा फोटो. आबा अंगणात आरामखुर्चीत झोपले होते, तुळशीजवळ, खांद्यावर पंचा. पहाट होती. मी पहिल्यांदाच एकटीने कॅमेरा लावला, त्यांना न विचारता, आणि बारा नारळ मोजले. काच धुतली तर सगळं बिघडलेलं. खुर्ची लख्ख, हात लख्ख, आणि छातीवर नुसतं धुकं, पंच्याचा काठ दुहेरी. मी लपवून ठेवली. पण आबांना पेटीतलं सगळं ठाऊक असायचं. दोन दिवसांनी त्यांनी ती काढली, खिडकीशी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाले, 'हललंय मां मी? मगे बरां आसा. जितो आसंय.' आणि काच परत जागेवर ठेवून दिली. तू कधी येणार, हे त्यांनी त्या दिवशीही विचारलं होतं. ते तुला कळवायचं मी टाळलं, कारण कळवून तू आला नसतास तर ते मला सोसलं नसतं.

इतके दिवस हा फोटो मी तुला दाखवला नाही. माझ्या एकटीचा ठेवायचा होता. आता एक छापून पाठवतेय.

कुडाळला नव्या काचा आल्यात. उद्या पहिली काशीबाईची. ती चौकड्यांचं लुगडं नेसून सकाळपासून तयार होणार आहे, आणि मी तिला सांगितलंय, हवी तेवढी हल.

तुझ्या भिंतीवरच्या त्या फोटोतले डोळे माझे आहेत, म्हणून हे सांगायचा हक्क मला आहे. तो फोटो उतरव आणि हा लाव. यात डोळे मिटलेले आहेत. गिऱ्हाइकांनी विचारलं की एवढ्या मोठ्या स्टुडिओत हा हललेला फोटो कसा, तर सांग, वडील श्वास घेत होते. आणि कुणी काढला म्हणून विचारलं, तर नाव खाली लिहिलंय.

नर्मदा गंगाराम नेरूरकर